मॅटर मोडायचे नाही : एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीची वाटचाल

छापखान्याचा जुना शिरस्ता असा, की फर्मा छापून झाला की मॅटर मोडायचे. हाताने जुळवलेले खिळे आपापल्या खणांत परत जायचे. लायनोटाइप यंत्रावर ओतलेल्या शिशाच्या अख्ख्या ओळी, म्हणजे स्लग, पुन्हा वितळवण्यासाठी भट्टीत जायचे. शिसे महाग, जागा अपुरी आणि उद्याचे काम दारात उभे. शिळे मॅटर सांभाळून ठेवणे कोणत्याही मालकाला परवडत नसे. शतक उलटण्याच्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या एका पुस्तकविक्रेत्याने नेमका हा शिरस्ता मोडला. मॅटर मोडायचे नाही, पुढच्या खेपेसाठी जपून ठेवायचे, असे त्याने ठरवले. त्या निर्णयातून जी कंपनी उभी राहिली, तिने पुढची शंभरावर वर्षे जगभरच्या ग्रंथपालांच्या टेबलावरची अर्धी जागा व्यापली.

आपल्याकडे बी. लिब.च्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने ही नावे घोकलेली असतात : 'रीडर्स गाइड टू पीरिऑडिकल लिटरेचर', 'क्युम्युलेटिव्ह बुक इंडेक्स', 'बुक रिव्ह्यू डायजेस्ट', 'एसे अँड जनरल लिटरेचर इंडेक्स', 'करंट बायोग्राफी', 'सिअर्स लिस्ट ऑफ सब्जेक्ट हेडिंग्ज'. संदर्भसाधनांच्या नोट्समध्ये नावापुढे प्रकाशक लिहायचा असतो, आणि तिथे दरवेळी तेच येते, एच. डब्ल्यू. विल्सन, न्यूयॉर्क. परीक्षेपुरते ते पुरते. यातले एखादे पुस्तक प्रत्यक्ष हातात न घेता पदवी घेऊन बाहेर पडलेले कितीतरी ग्रंथपाल आपल्या भोवती आहेत. त्यात त्यांचा दोष नाही, ही पुस्तके आपल्याकडे मोठ्या विद्यापीठांपलीकडे फारशी आलीच नाहीत. पण नोट्समधल्या त्या रकान्यात धंदा, कामगिरी, माणुसकी आणि थोडी दांडगाई यांची एक लांबलचक गोष्ट दडलेली आहे.

हॅल्सी विल्यम विल्सन १८६८ साली व्हरमाँटमधल्या विल्मिंग्टन गावी जन्मला. आईवडील लहानपणीच गेले. आधी आजीआजोबांनी आणि मग आयोवातल्या नातेवाइकांनी त्याला वाढवले. मिनेसोटा विद्यापीठात शिकताना १८८९ मध्ये हेन्री मॉरिस या मित्राबरोबर भागीदारीत त्याने विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके विकण्याचे दुकान काढले. भागीदार पुढे निघून गेला, दुकान विल्सनकडे राहिले, आणि दुकानाबरोबर दुकानदाराची एक रोजची डोकेदुखीही राहिली. गिऱ्हाईक येऊन एखादे नाव सांगे. ते पुस्तक कोणी काढले, केव्हा काढले, किंमत काय, हे शोधायला प्रकाशकांच्या सुट्या याद्या चाळाव्या लागत. 'पब्लिशर्स वीकली' हे साप्ताहिक १८७२ पासून नव्या पुस्तकांची नोंद देत होते. पण बावन्न आठवड्यांचे बावन्न अंक, आणि पुस्तक त्यांतल्या कोणत्या अंकात आहे हे कोणाला ठाऊक? सगळ्यांचे एकत्र मोठे पुस्तक निघे ते काही वर्षांनी एकदा, आणि ते निघेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेले असे.

फेब्रुवारी १८९८ मध्ये विल्सनने 'क्युम्युलेटिव्ह बुक इंडेक्स'चा पहिला अंक काढला. वर्षाची वर्गणी एक डॉलर आणि वर्गणीदार सुमारे तीनशे. संपादनाला पत्नी जस्टिना हाताशी होती, आणि लवकरच मॅरियन पॉटर नावाची तरुणी कामावर आली ती कायमची. अंकाची खुबी त्याच्या नावातच होती. दुसऱ्या अंकात केवळ दुसऱ्या महिन्याची पुस्तके नव्हती. पहिल्या महिन्याच्या नोंदी त्यात मिसळून, सगळ्यांचा एकच अकारविल्हे क्रम लावून तो निघायचा. तिसऱ्यात तिन्ही महिने. वर्ष संपले की बारा महिन्यांची एकच सलग सूची, आणि काही वर्षांनी त्या वार्षिकांचीही एक. नवा अंक आला की जुना खुशाल टाकून द्यावा. ग्रंथपालाला किंवा दुकानदाराला एकाच ठिकाणी बोट ठेवायचे.

ही कल्पना सुचणे अवघड नव्हते. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात विल्यम ब्रेट यांनी १८९६ मध्ये मासिकांतल्या लेखांसाठी तसाच प्रयोग सुरू केला होता. अवघड होते ते परवडवणे. एकच नोंद बारा वेळा छापायची म्हणजे बारा वेळा जुळवायची, बारा वेळा मुद्रिते तपासायची, आणि दर खेपेला नव्या चुका शिरू द्यायच्या. विल्सनचे उत्तर म्हणजे ते न वितळवलेले स्लग. प्रत्येक नोंदीच्या ओळी एकत्र बांधून वर्णानुक्रमाने मांडण्यांवर ठेवल्या जात. पुढचा महिना आला की नव्या नोंदींच्या ओळी त्यांच्यात हाताने घुसवायच्या, पाने बांधायची, छापायची, आणि सगळे परत मांडणीवर. जुळणी एकदाच, मुद्रित एकदाच. पुढे फक्त क्रम बदलायचा. आज आपण डेटाबेसमध्ये नोंद एकदा भरतो आणि हव्या त्या क्रमाने काढतो, त्यात तत्त्व म्हणून यापेक्षा काही वेगळे नाही. विल्सनचा डेटाबेस शिशाचा होता आणि त्याचा भार तळमजल्याला पेलवावा लागे, एवढेच.

पुस्तकांनंतर विल्सन मासिकांकडे वळला. १९०१ मध्ये 'रीडर्स गाइड' सुरू झाले आणि दोन वर्षांनी क्लीव्हलंडची सूचीही त्यात विलीन झाली. त्याआधी या क्षेत्रात विल्यम फ्रेडरिक पूल यांचे राज्य होते. येलमध्ये विद्यार्थी असताना, तिथल्या एका विद्यार्थिमंडळाचे ग्रंथालय सांभाळता सांभाळता, पूल यांनी मासिकांतल्या लेखांची सूची केली. ती १८४८ मध्ये छापली गेली आणि पुढे १८८२ मध्ये अनेक ग्रंथालयांनी कामे वाटून घेऊन तिची मोठी आवृत्ती सिद्ध केली. काम थोर, यात वाद नाही. पण पूल यांची सूची विषयांची होती, लेखकाच्या नावाने त्यात शोधता येत नसे. शिवाय नोंदीत खंड आणि पान असे, साल नसे. ज्याने ती वापरली असेल त्याला त्या एका उणिवेपायी गेलेल्या दुपारी आठवत असतील. 'रीडर्स गाइड'ने लेखक, विषय, मासिकाचे संक्षिप्त नाव, खंड, पाने, तारीख, चित्रे आहेत की नाहीत, सगळे दोन-तीन ओळींत बसवले. नोंद इतकी आवळलेली, की नवख्याला ती सांकेतिक लिपी वाटावी. अमेरिकेत शाळकरी मुलांना ती लिपी वाचायला ग्रंथालयात रीतसर शिकवत. निबंध लिहायचा म्हणजे आधी हिरव्या बांधणीचे ते जाडजूड खंड उघडायचे, हे तिथे दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते.

पहिला मोठा संचित खंड १९०५ मध्ये निघाला, त्याची संपादक ॲना लोरेन गथ्री. मॅरियन पॉटर, गथ्री, पुढे युनियन लिस्टच्या विनिफ्रेड ग्रेगरी, विषयशीर्षकांच्या मिनी सिअर्स... या कंपनीची खरी कामगिरी करणाऱ्यांची यादी केली तर बहुतेक नावे बायकांची निघतात. ज्यांची नावे मुखपृष्ठावर आली त्या मोजक्याच. बाकीच्या कित्येक जणी रोज सकाळी मासिकांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायच्या, लेख वाचायच्या आणि तो कोणत्या शीर्षकाखाली जावा ते ठरवायच्या. लेख वाचल्याशिवाय शीर्षक ठरत नाही, कारण मासिकवाले मथळे देतात ते वाचकाला खुणावण्यासाठी. 'पिवळ्या पाखरांचा हल्ला' हा लेख शेतीचा आहे, कीटकशास्त्राचा आहे की कोणाच्या प्रवासवर्णनाचा, हे मथळ्यावरून कोण सांगणार? सूचीकाराचे वाचन हे असे असते. त्याला लेखाचा आस्वाद घ्यायला वेळ नसतो, पण लेख कशाविषयी आहे हे मात्र कधी कधी लेखकापेक्षाही नेमके कळलेले असावे लागते.

आता पैशाचे बोलू. माझ्या मते विल्सनची खरी प्रतिभा शिशापेक्षा इथे दिसते.

सूचीचा खर्च जवळजवळ सगळा पहिली प्रत निघेपर्यंत होतो. लेख वाचायला, शीर्षके द्यायला, जुळवायला माणसे लागतात. त्यानंतर शंभर प्रती काढा नाहीतर हजार, कागद-शाईचा फरक किरकोळ. मग किंमत काय ठेवायची? सगळ्यांना सारखी आणि चढी ठेवली तर लहान गावचे ग्रंथालय ती घेणार नाही. सारखी आणि उतरती ठेवली तर सूचीकारांचा पगार निघणार नाही. विल्सनने तिसरी वाट काढली आणि तिला 'सर्व्हिस बेसिस' म्हटले. ज्याला सूचीचा जितका उपयोग, तितके त्याने द्यावे. सूचीत नोंदवलेल्या मासिकांपैकी किती मासिके ग्रंथालय घेते, ते पाहायचे. पाच घेत असेल तर त्या गावच्या वाचकाला सूचीतला पाच मासिकांपुरताच भाग कामाचा, म्हणून वर्गणी कमी. विद्यापीठ सगळीच घेत असेल तर त्याला सूची शंभर टक्के कामाची, म्हणून वर्गणी कितीतरी जास्त. 'बुक रिव्ह्यू डायजेस्ट'साठी हाच हिशेब ग्रंथालयाच्या पुस्तकखरेदीच्या रकमेवरून व्हायचा.

मोठ्या ग्रंथालयांना हे सहजासहजी पचले नाही. तोच खंड, तेच पुठ्ठे, तीच पाने, आणि शेजारच्या गावाच्या कित्येक पट पैसे आम्ही का मोजायचे? पुस्तकावर छापील किंमत असते आणि ती सगळ्यांना एकच असते, ही समजूत आपल्याही मनात किती घट्ट बसलेली आहे, हे एखाद्या दुकानात कमीजास्त करून पाहिले की कळते. विल्सनचे म्हणणे असे, की मी पुस्तक विकत नाही, शोधण्याचे श्रम विकतो. तुमचे जितके श्रम वाचतात तितके द्या. वाद बरीच वर्षे धुमसत राहिला, पण पद्धत टिकली. आणि गंमत पाहा, आज आपली विद्यापीठे ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी भरतात ती विद्यार्थिसंख्येवर. मोठे विद्यापीठ जास्त, लहान महाविद्यालय कमी. त्याबद्दल कुरकुर होते ती रकमेची, तत्त्वाची आता कोणी करत नाही.

याला दानधर्म म्हणू नये. मोठ्यांकडून जास्त घेऊन लहानांना परवडेल अशा दरात देणे हा उत्तम व्यापार होता, कारण लहान ग्रंथालये संख्येने अफाट होती. पण ज्या व्यापारात गावच्या ग्रंथालयालाही पहिल्या दर्जाचे साधन मिळते, त्या व्यापाराचे कौतुक करायला माझी हरकत नाही. कोणती मासिके सूचीत घ्यायची, हेही वर्गणीदार ग्रंथालयांचे मत घेऊन ठरू लागले.

या मतदानाची दुसरी बाजूही होती. सूचीत असलेले मासिक ग्रंथालये घेत, त्याचे अंक बांधून ठेवत, कारण ते शोधता येत होते. सूचीत नसलेल्या मासिकाचे जुने अंक रद्दीत गेले तरी कोणाला चुटपुट लागत नसे. बहुसंख्य ग्रंथालये जी मासिके आधीच घेत होती त्यांनाच मते पडत, आणि मते पडलेलीच मासिके आणखी ग्रंथालये घेत. या चक्राबाहेर राहिली ती छोटी, बंडखोर, डाव्या विचारांची नियतकालिके. १९६९ मध्ये मिनेसोटातल्याच कार्लटन कॉलेजात काही मंडळींनी 'अल्टरनेटिव्ह प्रेस इंडेक्स' सुरू केला, तो या भिंतीला वळसा घालण्यासाठीच. ज्या राज्यात 'रीडर्स गाइड' जन्मले, त्याच राज्यातून त्याला हे प्रत्युत्तर आले.

कंपनी मात्र मिनेसोटात तोवर राहिलेली नव्हती. प्रकाशक आणि मोठी ग्रंथालये पूर्वेकडे, म्हणून विल्सनने १९१३ मध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सला हलवले. बिऱ्हाड म्हणजे माणसे आणि टेबले तर होतीच, वर ते सगळे शिसे. चार वर्षांत तिथली जागाही अपुरी पडली आणि १९१७ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, हार्लेम नदीच्या काठी आली. तिथे १९२९ मध्ये नवी उंच इमारत बांधली तेव्हा विल्सनने तिच्या माथ्यावर उघड्या पुस्तकावर उभे असलेले दीपगृह बसवले. तेच कंपनीचे बोधचिन्ह झाले. पुस्तकांच्या भूलभुलैयात वाट चुकलेल्यांना दिशा दाखवणे, असा त्याचा अर्थ. इंधनाच्या, साबणाच्या जाहिराती मिरवणाऱ्या त्या शहरात ग्रंथसूची करणाऱ्याने एवढे मोठे दीपगृह उभारावे, यात थोडा तोरा होता. तो तोरा मला आवडतो. आपल्या पेशातली माणसे सहसा फार दबून असतात.

तोवर सूचींचे कुटुंब वाढलेच होते. लहान ग्रंथालयांनी कोणती कादंबरी घ्यावी, मुलांसाठी कोणती पुस्तके निवडावीत, यासाठी 'फिक्शन कॅटलॉग' आणि 'चिल्ड्रन्स कॅटलॉग' निघाले होते. उद्योगधंदे, शेती, शिक्षण, कला यांच्या स्वतंत्र सूची आल्या. अमेरिका आणि कॅनडातल्या दोनशेहून अधिक ग्रंथालयांत कोणत्या नियतकालिकाचे कोणते खंड आहेत, याची जंगी 'युनियन लिस्ट ऑफ सीरियल्स' १९२७ मध्ये ग्रेगरीबाईंच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. लेख कुठे आहे हे 'रीडर्स गाइड' सांगे आणि तो अंक कोणाकडे आहे हे ही यादी. पुढे १९३८ पासून कंपनी पुस्तकांची तयार तालिकापत्रेही विकू लागली. छोट्या ग्रंथपालाने फक्त पत्रे खणात लावायची. तालिकापत्रांचे हे काम १९७५ पर्यंत चालले. पुन्हा तेच सूत्र, की एकाने केलेले काम दहा हजारांनी पुन्हा करू नये.

या सगळ्यात आपल्याला जवळची आहे ती सिअर्स. मिनी अर्ल सिअर्स विल्सनकडे आल्या त्या तालिकीकरणात मुरलेल्या होत्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके प्रचंड आणि बारीक, लहान ग्रंथालयाला ती झेपत नसत. सिअर्सबाईंनी चांगली तालिका राखणाऱ्या नऊ लहान ग्रंथालयांत कोणती शीर्षके प्रत्यक्ष वापरली जातात ते पाहिले आणि १९२३ मध्ये आपली यादी काढली. त्यातली हुशारी अशी, की शीर्षके कमी केली तरी त्यांची घडण काँग्रेसच्या धर्तीचीच ठेवली. ग्रंथालय मोठे झाले आणि मोठी यादी स्वीकारायची वेळ आली, तर जुनी तालिका सगळी फाडायला नको. तिसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्या वारल्या. १९५० च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यांचे नाव पुस्तकाच्या शीर्षकातच आले. नाव चिरंतन झाले तरी आतला मजकूर काळाबरोबर बदलत राहिला. काळ्या अमेरिकनांसाठी सुरुवातीच्या आवृत्त्यांत असलेले शीर्षक पुढे टाकून द्यावे लागले. अशा बदलांना नेहमीच उशीर होतो, कारण एक शीर्षक बदलले की हजारो ग्रंथालयांतली लक्षावधी पत्रे बदलायची असतात.

विल्सनचे ग्रंथपालांशी रोजचे बोलणे चाले ते आपल्या मासिकातून. १९१४ मध्ये 'विल्सन बुलेटिन' म्हणून ते निघाले तेव्हा निव्वळ कंपनीच्या मालाचे पत्रक होते. त्याला पेशाचे मासिक केले ते एका कवीने. स्टॅन्ली कुनिट्झ १९२८ पासून १९४३ पर्यंत त्याचे संपादक होते, आणि त्यातली बरीच वर्षे शहराबाहेर आपल्या शेतावर राहून टपालाने काम करत होते. लेखकांच्या चरित्रांचा कोश करावा ही कल्पना त्यांची. १९३१ मध्ये 'लिव्हिंग ऑथर्स' निघाला तेव्हा संपादक म्हणून त्यांनी 'डिली टँटी' असे थट्टेखोर टोपणनाव घेतले. पुढे हॉवर्ड हेक्राफ्ट यांच्याबरोबर त्यांनी केलेला 'ट्वेंटिएथ सेंच्युरी ऑथर्स' (१९४२) अनेक दशके संदर्भविभागात हाताशी राहिला.

कुनिट्झ मासिकात गप्प बसणारे नव्हते. १९३६ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे अधिवेशन व्हर्जिनियातल्या रिचमंडला भरले. तिथे काळ्या ग्रंथपालांना इतरांबरोबर हॉटेलात राहता येणार नव्हते, जेवणांना बसता येणार नव्हते, सभांमध्येही त्यांची जागा वेगळी. कुनिट्झ यांनी यावर जळजळीत अग्रलेख लिहिला. निषेधाची पत्रे आली, खळबळ उडाली, आणि भेदभाव होईल अशा ठिकाणी यापुढे अधिवेशन भरवायचे नाही, असे संघटनेला ठरवावे लागले. लक्षात घ्या, हे सगळे एका व्यापारी कंपनीच्या मासिकातून झाले, आणि ज्यांच्या वर्गणीवर कंपनी चालायची त्यांच्याच संघटनेविरुद्ध. म्हातारा विल्सन कामाच्या बाबतीत कडक, पैशाच्या बाबतीत चोख आणि निवृत्तीचे नाव न काढणारा. पण संपादकाला त्याने लिहू दिले. कुनिट्झ यांना १९५९ मध्ये कवितेचे पुलित्झर मिळाले आणि २००० मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ते अमेरिकेचे राष्ट्रकवी झाले.

विल्सनने अध्यक्षपद सोडले ते ऐंशी उलटल्यावर. १९५४ मध्ये तो वारला. त्याच्या जागी आलेले हेक्राफ्ट हे रहस्यकथांचे नामवंत अभ्यासक. 'मर्डर फॉर प्लेझर' हा त्यांचा रहस्यकथेचा इतिहास १९४१ चा. सूचीच्या कंपनीला कवी संपादक आणि खूनकथांचा तज्ज्ञ अध्यक्ष लाभावा, हे वरवर विचित्र दिसते. पण धागेदोरे जुळवत बसण्याची हौस दोन्हीकडे लागतेच.

कुनिट्झ यांच्या त्या मासिकाची अखेर मात्र मनाला लागणारी आहे. जून १९९२ च्या अंकात स्तंभलेखक विल मॅन्ली यांनी ग्रंथपालांच्या खासगी आयुष्याविषयी एक थट्टेची प्रश्नावली छापली. कंपनीच्या वरिष्ठांनी उरलेल्या प्रती नष्ट करायला लावल्या, मॅन्लींचा स्तंभ बंद केला, आणि संपादक मेरी जो गॉडविन यांनी राजीनामा दिला. ग्रंथ दडपू नयेत असे शंभर वेळा सांगणाऱ्या पेशाच्या मासिकाचा अंक त्याच्या प्रकाशकानेच नष्ट करावा! १९९५ मध्ये मासिक बंद पडले. कारणे पैशाची होती. तरी कुनिट्झ यांच्या काळाशी ताडून पाहिल्याशिवाय राहवत नाही.

संगणकाच्या वाटेला कंपनी तशी वेळेवर लागली. १९८४ मध्ये 'विल्सनलाइन', १९८७ मध्ये सीडीवरची 'विल्सनडिस्क', १९९७ मध्ये 'विल्सनवेब'. ज्यांनी मांडण्यांवर नोंदी जपल्या त्यांना नोंदी यंत्रात जपणे परके नव्हते. १८९० पर्यंत मागे जाऊन 'रीडर्स गाइड'च्या जुन्या नोंदीही डेटाबेसमध्ये आल्या. अडचण वेगळीच निघाली. १९७७ मध्ये 'मॅगझिन इंडेक्स' हा प्रतिस्पर्धी मायक्रोफिल्मवर आलाच होता, आणि त्यानंतर असे डेटाबेस आले ज्यांत नोंदीबरोबर लेखही मिळू लागला. लेख कुठे आहे हे सांगणारा माणूस आणि लेखच हातात ठेवणारा माणूस शेजारी शेजारी उभे असतील तर वाचक कोणाकडे जाईल? विल्सननेही पूर्ण मजकूर द्यायला सुरुवात केली, पण त्या बाजारात मोठी भांडवले उतरली होती. 'क्युम्युलेटिव्ह बुक इंडेक्स' १९९९ मध्ये थांबला, एका अर्थी एकशे एक वर्षांचा होऊन. जून २०११ मध्ये अलाबामातल्या एब्स्को कंपनीने विल्सन विकत घेतली. ब्राँक्समधला कारभार आटोपला. छापील पुस्तकांचे काम पुढे ग्रे हाउस या प्रकाशकाकडे गेले.

मराठीत असे काही का झाले नाही, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची १९४४ मध्ये सिद्ध केली, दुसरा भाग १९६१ मध्ये आला. हे काम कोणत्याही भाषेने मिरवावे असे आहे. पण ते एका माणसाच्या वेडाने उभे राहिले, विल्सनचे उभे राहिले पगारी सूचीकारांच्या रोजच्या कामावर. वेडाला वारस मिळेलच असे नाही, पगाराला मिळतो. १९६४ पासून गुडगावहून 'गाइड टू इंडियन पीरिऑडिकल लिटरेचर' निघू लागला तो बराचसा विल्सनच्या वळणाचा, पण इंग्रजी नियतकालिकांसाठी. मराठी मासिकांच्या, दिवाळी अंकांच्या लेखांची दर महिन्याला मिसळत जाणारी सूची करायची तर तिची वर्गणी भरणारी ग्रंथालये हवीत. आपल्याकडे ग्रंथालये हजारोंनी आहेत, त्यांची अनुदाने मात्र वर्तमानपत्रांच्या बिलांतच संपतात. 'सर्व्हिस बेसिस' लावायचा तरी कोणत्या आकड्यावर?

सिअर्स मात्र अजून चालते आहे. बाविसावी आवृत्ती २०१८ ची. १९९४ च्या पंधराव्या आवृत्तीत तिने जुन्या एक्स-डबलएक्सच्या, म्हणजे कोणत्या शीर्षकाकडून इकडे वाट काढायची ते सांगणाऱ्या, खुणा सोडल्या आणि व्यापक, विशिष्ट, संबंधित अशी नवी नावे घेतली. तरी आपल्याकडचे काही मास्तर अजून एक्स-डबलएक्सच शिकवतात, कारण विभागात प्रत जुनी असते. प्रॅक्टिकलच्या पेपरात पोवाड्यांचे पुस्तक येते, पंचायत राज्याचे येते, वारकरी कीर्तनाचे येते, आणि विद्यार्थी यादीत शोधून थकतो. ही शीर्षके तिथे मिळणार नाहीत. सिअर्सबाईंनी ती गृहीतच धरलेली नव्हती. त्यांची यादी सांगाडा म्हणून केलेली आहे. जातिवाचक नावे, माणसांची, गावांची, भाषांची नावे ग्रंथपालाने नियमाप्रमाणे स्वतः घालायची, आणि जुन्या आवृत्त्यांत तर त्यासाठी पानाच्या उजव्या बाजूला कोरी जागाच सोडलेली असे. परीक्षक त्या जागी विद्यार्थ्याने काय लिहिले ते पाहतो. 'पोवाडे' हे 'बॅलड्स'खाली ढकलले की गुण मिळतात. स्वतंत्र शीर्षक करून 'बॅलड्स'कडून तिकडे 'हेही पाहा' अशी वाट काढली तर जाणता परीक्षक एखादा गुण जास्त देतो.